दाढीखालचे खड्डे

मी गेलो होतो गालावरच्या खड्ड्यांसाठी, आणि डॉक्टरांनी जवळपास वर्षभर खड्ड्यांना हातच लावला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण 'लेसर कुठे केलास, किती पैसे पडले' असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडावर आजही ताज्या पुटकुळ्या असतात आणि त्यांना लेसर हवा असतो येत्या रविवारी.

मी मूळचा सांगलीकडचा, पुण्यात बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर. पिंपल्स दहावीत सुरू झाले. 'वयात येताना येतात, लग्न झालं की जातात' या घरगुती शास्त्रावर आमच्याकडे सगळ्यांचा विश्वास, आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या दादाच्या बाबतीत ते खरंही ठरलं. माझे मात्र दोन दिवसांत पिकून फुटणाऱ्यातले नव्हते. गालात आणि जबड्यावर खोल, नुसता हात लागला तरी ठणकणाऱ्या गाठी. असली गाठ बसते तेव्हा कातडीला आतून आधार देणारं कोलॅजन खाऊन बसते. वर कातडी धरते, खाली भराव नसतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दाढी वाढवली ती तशीच राहिली.

दाढीनं जबडा झाकला, पण गालाचा वरचा भाग आणि कानशिलं उघडीच. एका स्थळाच्या घरी मुलीच्या आजीनं माझ्या आईला हळूच विचारलं, "ल्हानपणी देवी आल्या होत्या काय ओ ह्यास्नी?" देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा. मी जन्मलो त्यानंतर वीस वर्षांनी. पण आजींच्या हिशोबात तोंडावर खड्डे म्हणजे देवीच. मला हसू आलं, आईला लागलं. परत येताना एसटीत तिनंच विषय काढला, "पुण्यात एवढे डॉक्टर हायत, एकदा दाखव की."

पहिल्यांदा गेलो ते एका चकचकीत क्लिनिकमध्ये. तिथं डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर भेटते. तिनं टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो सरकवले आणि सहा सिटिंगचं लेसर पॅकेज सांगितलं. डॉक्टर कुठे आहेत म्हटलं तर "सिटिंगला असतील ना सर." दिवाळी ऑफर, रात्री बारापर्यंत, हप्ते बिनव्याजी. हनुवटीवर त्या दिवशी दोन गाठी पिकलेल्या होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. 'घरी विचारून सांगतो' म्हटलं आणि जिना उतरलो.

दुसऱ्या डॉक्टर साइटवरच्या एका सहकाऱ्याच्या बायकोनं सुचवल्या. मॅडम पन्नाशीच्या, आधी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात शिकवत होत्या. त्यांनी मला खुर्चीत ताठ बसवलं, खोलीतली ट्यूबलाइट बंद केली आणि छोटी टॉर्च गालाच्या कडेनं आडवी धरली. हातात आरसा दिला. समोरून उजेड पडला की खड्डे लपतात, बाजूनं पडला की प्रत्येक खड्ड्याला स्वतःची सावली मिळते. इतकी वर्षं रोज बघत असलेला चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला म्हणायला हरकत नाही. आवडला नाही.

मग त्यांनी दोन बोटांनी गालाची कातडी ताणली. काही खड्डे ताणल्यावर नाहीसे झाले, काही तसेच राहिले. त्यावरून त्यांनी मला तीन जाती समजावल्या. आइस पिक, म्हणजे वरून टाचणीएवढे दिसणारे पण आत खोल गेलेले. बॉक्सकार, म्हणजे उभ्या कडांचे, सपाट तळाचे. आणि रोलिंग, म्हणजे उथळ, लाटा उठल्यागत, ज्यांना खालून तंतूंनी आत ओढून धरलेलं असतं. ताणल्यावर गेले ते रोलिंग. माझ्याकडे तिन्ही होते. "प्रत्येकाचा इलाज वेगळा," मॅडम म्हणाल्या, "पण त्यातला एकही आज करायचा नाही. आधी हे थांबवू." आणि हनुवटीवरच्या गाठीकडे बोट दाखवलं.

कारण साधं होतं. रोज नवी गाठ येत असेल तर मी एकीकडे खड्डा भरणार आणि शेजारी नवा पडणार. शिवाय सुजलेल्या, पू धरलेल्या कातडीवर लेसर किंवा सुया चालवल्या तर सूज वाढते, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत सुजेचा शेवट काळ्या डागात होतो. त्वचेचा रंग मोजायची फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी केलेली एक पट्टी आहे, सहा प्रकारांची. उन्हात भाजून लाल होणारे पहिल्या प्रकारातले. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात. इंटरनेटवर लेसरनंतरचे जे गुलाबी, नितळ गाल दिसतात ते पुष्कळदा पहिल्या-दुसऱ्या प्रकारातले असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

काय काय लावत होता ते सगळं आणून दाखवा, असंही मॅडमनी बजावलं होतं. मी फेसवॉश आणि कोरफड जेल घेऊन गेलो. त्यांना खरी भीती होती स्टिरॉइडच्या ट्यूबची. मेडिकलमध्ये 'डाग जायची क्रीम द्या' म्हटलं की मिळते ती. आठवड्यात चेहरा उजळतो, काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल पडते आणि पिंपल्स दुप्पट जोमानं येतात. 2018 मध्ये सरकारनं अशा बऱ्याच मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी घातली, तरी काउंटरवरचा व्यवहार अजून चालतोच.

मग सुरू झाली आयसोट्रेटिनॉइनची गोळी. ही गोळी तेलाच्या ग्रंथी आक्रसून टाकते. तिचा हिशोब माझ्यातल्या इंजिनिअरला आवडला: वजनाच्या किलोमागे एकूण 120 ते 150 मिलिग्रॅम पोटात जायला हवी, तरच पिंपल्स परत येण्याची शक्यता कमी होते. माझं वजन 60 किलो, म्हणजे कमीत कमी 7200 मिलिग्रॅम. रोज 20 ची एक गोळी धरली तर 360 दिवस. वर्ष कुठे गेलं ते इथे. ओठ इतके फुटले की साइटवर पेट्रोलियम जेलीची डबी हेल्मेटशेजारी ठेवायला लागली. यकृताच्या आणि चरबीच्या तपासण्या अधूनमधून. बायकांना ही गोळी देताना डॉक्टर फार काटेकोर असतात, कारण गर्भावर तिचे भयंकर परिणाम होतात. गर्भ राहणार नाही याची खात्री करूनच देतात. पुरुषांना त्या बाबतीत मोकळीक, पण एक गोष्ट बंद: रक्तदान. आमच्या मंडळाच्या शिबिरात मी दरवर्षी पहिल्या पाचात. त्या वर्षी नाव दिलं नाही, तेव्हा पोरांनी 'घाबरला रे' म्हणून दिवसभर छळलं. माझं रक्त एखाद्या गरोदर बाईला गेलं तर काय, हे सांगितल्यावर गप्प बसली.

दरम्यान काही सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे पील झाले. चालू पिंपल्सवरही चालणारा सोलण्याचा हा एक प्रकार. हे आम्ल तेलात विरघळतं, त्यामुळे थेट छिद्रात उतरतं. तीस टक्क्यांचं द्रावण लावलं की चेहरा चरचरतो, पांढरी पूड वर येते, नर्स छोट्या पंख्यानं वारा घालते. पाच-सात मिनिटांत खेळ खलास. ब्लॅकहेड्सना आणि ताज्या डागांना फायदा झाला, खड्ड्यांवर काडीचा परिणाम नाही. तसं मॅडमनी आधीच सांगितलंही होतं.

गोळी बंद झाली आणि मी उतावीळ झालो. पूर्वी ही गोळी थांबवल्यावर सहा महिने चेहऱ्याला काहीच करायचं नाही असा दंडक होता. 2017 मध्ये अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी पुरावे तपासून सांगितलं की वरवरचे पील आणि फ्रॅक्शनल, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी चालणारा, लेसर यांसाठी एवढं थांबायचं कारण नाही. चेहराभर यंत्रानं घासायचं डर्माब्रेजन मात्र नकोच. हे मी कुठंतरी वाचून मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पण मार्च लागलाय आणि तुम्ही दिवसभर स्लॅबवर उभे असता. पाऊस येऊ दे." पुण्यातला एप्रिल अनुभवलेल्या माणसाला यावर वाद घालता येत नाही. तोवर सकाळी आणि दुपारी सनस्क्रीन, दोन बोटांवर काढायचं तेवढं. साइटवरच्या गवंड्यांनी माझं नाव 'हिरो' ठेवलं.

जूनमध्ये सब्सिजन, म्हणजे खड्ड्यांखालचे तंतू सुईनं कापणं. आता दाढी काढणं भाग होतं. गल्लीतल्या सलूनवाल्यानं दोनदा विचारलं, "साहेब, पूर्ण?" त्यानं वस्तरा अर्ध्यावर थांबवला नाही, बोलला काही नाही, नेहमीचं क्रिकेटही नाही. जबड्यावर काय आहे ते मला आठवत होतं त्याच्यापेक्षा जास्त होतं.

सब्सिजनची कल्पना गोधडीवरून चटकन कळते. गोधडीला जिथं टाका असतो तिथं कापड आत ओढलं जातं. टाका कापला की कापड वर येतं. रोलिंग खड्ड्याखाली तसेच तंतू असतात आणि ते सुईनं कापायचे. मॅडमनी मला बसवून पेननं खड्ड्यांभोवती गोल काढले. आडवं झोपवल्यावर खड्डे दिसेनासे होतात म्हणून हे बसूनच करतात. मग बधिर करायची इंजेक्शनं. खरं दुखलं ते इथेच. त्यानंतर एका छिद्रातून जाड सुई कातडीखाली घातली आणि पंख्यासारखी इकडून तिकडे फिरवली. दुखत काही नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. कर्र, टक्, कर्र. स्वतःच्या गालातला आवाज कानाला आतून येतो, त्याची कुणी कल्पना दिली नव्हती. झाल्यावर दाबून धरलं, गॉझ लावली, घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाल निळे, पुढे हिरवे, मग पिवळे. ऑफिसात सरळ सांगावं तर चारशे प्रश्न. कॉन्ट्रॅक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, कुणी हात उचलला का? नाव सांगा फक्त." मी बाथरूममध्ये पडलो असं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानंतर काही दिवस त्याचा एक माणूस मला बाइकपर्यंत सोडायला येत होता.

आइस पिकच्या तळापर्यंत लेसर पोचत नाही इतके ते खोल असतात. त्यांच्यावर टीसीए क्रॉस, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, पातळ न करता, फक्त खड्ड्याच्या आत. 2002 मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी मांडलेली पद्धत. साधन काय, तर टोकदार केलेली लाकडी दातकोरणी. एवढ्या शिक्षणाचा माणूस भिंग लावून दातकोरणीनं माझ्या गालावर टिंबं देतोय, हे दृश्य मला विनोदी वाटलं असतं, पण प्रत्येक टिंबाला इंगळी डसत होती. आम्ल लागलं की काही सेकंदांत टिंब पांढरं फटक होतं, तीच ते बरोबर लागल्याची खूण. नंतर खपली. ती पडल्यावर खड्डा आधी मोठा दिसतो आणि माणूस घाबरतो. मी रात्री अकराला फोटो पाठवला, मॅडमचं उत्तर आलं, "अपेक्षित. झोपा." खड्डा आतून भरत यायला आठवडे लागतात, आणि एका खेपेत भरत नाही.

लेसर आला तो दिवाळीनंतर. इथे एक सांगायचा मोह आवरत नाही. चेहऱ्यावर चालणारा हा कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला कुणी, तर सी. कुमार एन. पटेल यांनी. जन्म बारामतीचा, 1938 चा. शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आपल्या सीओईपीत. मग स्टॅनफर्ड, मग बेल लॅब्ज, आणि तिथे 1964 मध्ये हा लेसर. मी रोज ज्या चौकातून बाइक काढतो तिथून भिंतीपलीकडं शिकलेल्या माणसाचा किरण बोटभर अंतरावरून माझ्या गालावर पडणार होता. मॅडमना हे माहीत नव्हतं. त्यांनी ते त्यांच्या शिकाऊ डॉक्टरांना लगेच सांगितलं.

त्या किरणाची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर. पाणी ती लगेच शोषून घेतं, आणि कातडीत बहुतेक पाणीच, त्यामुळे लागेल तिथलं एका क्षणात वाफ होऊन जातं. नव्वदच्या दशकात यानं सगळा चेहरा एकसलग सोलत. गोऱ्या कातडीलासुद्धा ते महिनोन्‌महिने जड जाई, सावळ्याला तर नकोच. 2004 मध्ये बोस्टनच्या मॅन्स्टीन आणि अँडरसन या डॉक्टरांनी मांडलं की सगळं सोलू नका, बारीक बारीक ठिपक्यांपुरतंच भाजा आणि मधली कातडी शाबूत ठेवा, म्हणजे ती चटकन शेजार भरून काढते. फ्रॅक्शनल म्हणतात ते हे. आमच्यासारख्यांच्या वाट्याला लेसर आला तो यामुळे.

प्रत्यक्षात: चेहरा धुवा, फोटो काढा, संमतीपत्रावर सही करा. मग बधिर करायचं मलम थापून वर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळतात आणि तासभर बसवतात. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखे आणखी दोन जण तसेच गुंडाळलेले. आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळलं. तोंडाभोवतीचा हर्पीस, म्हणजे पाणी भरलेले फोड, वर येऊ नये म्हणून विषाणूविरोधी गोळ्या आदल्या दिवसापासूनच चालू होत्या. आत डोळ्यांवर झाकणं, गालावर थंड हवेची नळी, कानाशी धूर ओढणाऱ्या यंत्राची घरघर. मग चौकोनी शिक्के पडत जातात, टर्र, टर्र, आणि केस जळल्याचा वास. गालावर सोसवतं. वरच्या ओठावर आणि जबड्याच्या हाडावर डोळ्यांतून पाणी येतं. वीसेक मिनिटांत संपलं.

खरी आग नंतरची. चारेक तास मिरची चोळल्यासारखी आग, बर्फाच्या पिशव्या, पंख्यासमोर बसणं. दुसऱ्या दिवशी सूज, थोडं चिकट पाणी पाझरणं. तिसऱ्या दिवसापासून सगळ्या चेहऱ्यावर तपकिरी बारीक टिंबांची जाळी, हाताला खरखरीत. हीच ती जळालेली कातडी, ती आपोआप गळते, ओरबाडायची नाही. पेट्रोलियम जेली आणि साधं पाणी, बाकी काही नाही. आईनं फोनवर हळद-साय सुचवली. मॅडमच्या सूचनापत्रात वरच छापलं होतं: हळद, साय, कोरफड, लिंबू, तूप काहीही लावू नये. आठवड्याच्या आत जाळी गेली, खाली गुलाबी, ताणलेली कातडी. त्या दिवशी मी आरशासमोर बराच वेळ घालवला.

आणि महिन्याच्या आत डाव्या गालावर तपकिरी चौकोन उमटला. शिक्क्याच्या मापाचा, कोपऱ्यांसकट. बाइकवर उजवीकडून ऊन येतं की डावीकडून, याचा मी नकाशा काढून विचार केला. मॅडमनी तसं काही मनावर घेतलं नाही. आपल्या रंगात हे व्हायचंच, सगळ्यांना नाही पण होतं, आणि जातं. रात्री लावायला हायड्रोक्विनोन दिलं, मोजक्या आठवड्यांपुरतं, पुढे अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड, आणि रंगीत सनस्क्रीन, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, कारण डाग गडद व्हायला नुसतं अतिनील नाही, दिसणारा उजेडही कारण असतो. पुढची सिटिंग लांबवली आणि यंत्राचा जोर कमी केला. चौकोन फिका होत होत होळीपर्यंत गेला.

फरक किती? रोलिंगवाले सर्वांत जास्त सुधारले, आणि त्याचं श्रेय लेसरपेक्षा सुईचं. बॉक्सकारच्या कडा बोथट झाल्या. आइस पिक काही भरले, काही हट्टी आहेत. कोलॅजन तयार व्हायला महिने लागतात, त्यामुळे सिटिंगच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, चार-पाच महिन्यांनी फोटो शेजारी ठेवल्यावर कळतं. संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की खड्डे अजून दिसतात. पहिल्या भेटीत मॅडमनी सांगितलं होतं, "निम्मं सुधारलं तर यशस्वी म्हणायचं." मी मनात ऐंशी धरलं होतं.

पैसे सगळे खिशातून. विमा कंपन्या याला सौंदर्योपचार म्हणतात आणि वगळतात, मग गाठींनी दहा वर्षं छळलेलं असो वा नसो. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचा विभागांत यातलं बरंच काही फार कमी खर्चात होतं, फक्त नंबर लावायची तयारी हवी. पॅकेज घेण्याआधी तिथं एक खेप मारायला काय हरकत आहे? निदान तिथं बघणारा डॉक्टर असतो.

दाढी मी परत वाढवली. लपवायला नाही, हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतो म्हणून. आई म्हणते, एवढे पैसे घालून परत झाकलंस ते झाकलंसच.

दादाच्या मुलाला यंदा नववीत गालावर गाठी यायला लागल्या. वहिनी 'लग्न झालं की जातात'च्या वळणावर होत्या, तेवढ्यात मी त्याला गाडीवर घालून मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेऊन आणलं. अ‍ॅडॅपलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडची एक ट्यूब मिळाली, रात्री वाटाण्याएवढी लावायची. नव्या गाठी थांबल्यात. मात्र ते पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी घरी सांगायचं राहून गेलं. परवा वहिनींचा फोन आला, "भावजी, दिवाळीला घेतलेल्या निळ्या खोळीवर पांढरे डाग पडलेत, आणि टॉवेलवर पण. ते कशानं जातात ते विचारा तुमच्या डॉक्टरांना."